पंख्यावर आयुष्य काढणारा समुद्रघोडा

१९६९ सालची गोष्ट. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर जॉर्ज बार्जीबाँ हे नूमेआच्या मत्स्यालयासाठी समुद्रपंखे गोळा करत होते. समुद्रपंखा म्हणजे जाळीदार पंख्यासारखा वाढणारा प्रवाळ. त्यांतला एक टेबलावर ठेवून पाहताना त्यांना त्याला बिलगलेली चिमुकल्या समुद्रघोड्यांची जोडी दिसली! १९७० मध्ये या जातीला नाव मिळाले – हिप्पोकॅम्पस बार्जीबान्टी.

पाण्यात असताना ही जोडी का दिसली नसावी? एक तर उंची जेमतेम दोन सेंटिमीटर. रुपयाच्या नाण्यावर मावेल एवढी. शिवाय अंगावरच्या गाठी हुबेहूब पंख्यावरच्या मिटलेल्या पॉलिपांसारख्या. जांभळट पंख्यावर गुलाबी गाठींचा समुद्रघोडा, तर पिवळ्या पंख्यावर केशरी गाठींचा.

हा रंग आईबापांकडून येतो की पंख्याकडून? सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात २०१४ मध्ये याचे उत्तर मिळाले. तिथे जन्मलेली पिल्ले आधी मळकट तपकिरी होती. त्यांना आईबापांच्या पंख्याहून वेगळ्या रंगाचा पंखा दिला, तर ती त्या नव्या पंख्याच्या रंगाची झाली. म्हणजे इथे रंग ठरवतो तो पंखा.

इतर समुद्रघोड्यांप्रमाणे इथेही गरोदर राहतो तो नर. मादी त्याच्या पिशवीत अंडी घालते. मात्र ही पिशवी नेहमीसारखी शेपटीवर नसून धडात असते. पिल्ले बाहेर पडली की काही काळ प्रवाहाबरोबर तरंगतात. योग्य पंखा सापडला की शेपटीने त्याला धरतात, आणि मग तोच त्यांचा जन्माचा पत्ता!

संरक्षणाची अडचण नेमकी इथेच आहे. समुद्रघोड्यांच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराने २००४ पासून नियंत्रण आणले. पण औषधासाठी वाळवून विकले जातात ते प्रामुख्याने मोठे समुद्रघोडे. या चिमुकल्याचा घात होतो तो पंखा मोडल्याने. तळ खरवडणारी जाळी, बोटीचा नांगर, छायाचित्रासाठी फार जवळ गेलेल्या पाणबुड्याचा धक्का, यांतले काहीही त्याला पुरते. पंखा गेला की घर गेले, आणि लपण्याची सोयही गेली.

वाघासाठी जंगल राखावे लागते, हे आपण वर्गात शिकवतो. इथे ते जंगल म्हणजे एकच पंखा आहे, इतकेच.