बिघाडाआधीची बेगमी

सिंगापूरच्या लिटिल इंडियात, तेक्का बाजारात खाली मासळी, मटण, कढीपत्ता, गजरे. आणि लगतच्या उंच इमारतींत सरकारी गृहनिर्माण मंडळाची, म्हणजे एचडीबीची घरं. या इमारतींचे व्हरांडे झाडणं, दिवे लावणं, भिंती रंगवणं, लिफ्ट चालू ठेवणं हे काम टाउन कौन्सिलचं. लिटिल इंडियाची जबाबदारी जालान बेसार टाउन कौन्सिलकडे आहे.

सिंगापूरला पूर्वी आपल्यासारखी महापालिका होती, १९५७ साली महापौरही निवडला गेला. १९५९ मध्ये तिचा कारभार सरकारात विलीन झाला. पुढे १९८८च्या कायद्याने टाउन कौन्सिलं आली आणि ती त्या त्या भागातून निवडून आलेल्या खासदारांच्या हाती सोपवली गेली. जिन्यातला दिवा बंद पडला की लोक थेट खासदाराकडे बोट दाखवतात.

उत्पन्नाची बाजू साधी आहे. प्रत्येक घर दरमहा देखभाल शुल्क भरतं. लहान घराला कमी, मोठ्याला जास्त. दुकानांचा दर वेगळा आणि त्यांचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. शिवाय सरकारी अनुदान असतं. घरपट्टी मात्र देशाच्या तिजोरीत जाते. एकंदरीत हे आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखंच, पण एका गोष्टीत फार पुढचं. शुल्क आणि अनुदानातले किमान २६ टक्के सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत, टाकावे लागतात आणि २०१७पासून आणखी किमान १४ टक्के लिफ्ट बदलण्याच्या स्वतंत्र निधीत. शंभरातले चाळीस डॉलर रोजच्या खर्चाला हात लावण्याआधीच बाजूला पडतात. लिफ्टचं आयुष्य साधारण २८ वर्षं धरलेलं असतं. ती बसवली त्या दिवसापासून पुढच्या लिफ्टची पुंजी जमायला लागते.

शहराची आर्थिक तब्येत मी अशा आगाऊ बेगमीवरून जोखतो. आपल्याकडे जकात गेली, एलबीटी गेला, २०१७पासून महापालिका जीएसटी भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. अंदाजपत्रक शिलकी असतं, पण जलवाहिनी किती जुनी आहे आणि ती बदलायचे पैसे कुठून येणार, हे त्यात बहुधा सापडत नाही. मग ती फुटते आणि शिष्टमंडळ मुंबईला निघतं.

सिंगापुरातही सगळं आलबेल नाही. २००८ साली लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळली तेव्हा दोन टाउन कौन्सिलांनी तिच्याशी जोडलेल्या योजनांत गुंतवलेले मिळून १ कोटी २० लाख सिंगापूर डॉलर धोक्यात आले. २०१५ साली विरोधी पक्षाच्या एका कौन्सिलवर महालेखापरीक्षकांनी ठपका ठेवला. सिंकिंग फंडाचे पैसे नियमाप्रमाणे त्या खात्यात वळते केले जात नव्हते. पण चूक पकडता आली ती नियम लेखी आणि नेमका होता म्हणूनच.

शिवाय पाणी, मोठे रस्ते, रुग्णालयं हा भार या कौन्सिलांवर नाही, हे विसरून तुलना करू नये.

लिटिल इंडियाचा खरा पेच रविवारचा. सुट्टीच्या दिवशी बांगलादेशी आणि तमिळ कामगार हजारोंनी येतात, इमारतींखालच्या मोकळ्या जागेत बसतात, जेवतात, घरी फोन लावतात. ते राहतात दूरच्या डॉर्मिटरीत. त्यांच्यामागची सफाई मात्र इथल्या रहिवाशांच्या शुल्कातून होते. या माणसांनी ते शहर बांधलंय, बसायला जागा हा त्यांचा हक्कच आहे. त्यांच्या मालकांकडून सरकार दरमहा लेव्ही, म्हणजे परदेशी कामगारामागचा आकार, घेतं. तिचा ठरावीक वाटा थेट जालान बेसारच्या खात्यात पडला पाहिजे.