खेळता खेळता पाणी

पाण्यासाठी पायपीट करणारी बाई आपल्याला नवी नाही. तिचे कष्ट वाचवणारी एखादी युक्ती निघाली, की आपलं मन चटकन तिच्याकडे झुकतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’चं असंच झालं.

कल्पना मोठी देखणी होती. शाळेच्या आवारात गोल फिरणारं चक्र बसवायचं. मुलं खेळतील, त्याबरोबर पंप चालेल आणि पाणी उंच टाकीत चढेल. टाकीवर जाहिराती लावून देखभालीचा खर्च काढायचा. २००० साली जागतिक बँकेनं तिला पुरस्कार दिला. २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं.

आता थोडा हिशोब करू. बागेतलं चक्र एकदा ढकललं, की आपलं आपण फिरत राहतं. त्यातच मजा असते. इथं मात्र प्रत्येक फेरीला पाणी उचलायचं असतं. जोर काढला की चक्र थांबतं. मुलं लवकरच दमतात आणि ते जड चक्र ओढायची पाळी बायकांवर येते. एका पंपावर २,५०० माणसांची गरज भागवायची, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असं ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रानं २००९ मध्ये दाखवून दिलं! किंमत साध्या हातपंपाच्या सुमारे चौपट. बिघडलेले पंप महिनोन्‌महिने पडून राहिले. काही गावांत तर त्यांच्यासाठी आधीचा हातपंप काढून टाकला होता. म्हणजे होतं तेही पाणी गेलं.

याउलट आपला हापसा पाहा. विंधन विहिरींवरचे जुने बिडाचे पंप गावाच्या वापरापुढे टिकत नसत. जालना आणि सोलापूर इथल्या कारागिरांनी ते मजबूत केले. सोलापूरच्या पंपावरूनच, युनिसेफच्या साहाय्यानं, १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि पुढे आफ्रिकेतही पोचला. त्यात दिमाख काही नाही. पण तो दिवसभर अनेक हातांचा मार सोसतो.

तेव्हा गावात नवं यंत्र येणार असेल, तर ग्रामसभेत दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. हे रोज कोण चालवणार? आणि मोडल्यावर सुटा भाग कुठून, किती दिवसांत येणार? याची उत्तरं मिळेपर्यंत जुना हापसा उखडू देऊ नये.