काळ्या मातीत कागदी कुंडीची कसोटी

रोपासकट जमिनीत लावायची कागदी कुंडी मातीत आपोआप कुजते, हे विधान अपुरे आहे. ती कोणत्या मातीत, कोणत्या महिन्यात आणि किती ओलाव्यात पुरली, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. वणी परिसरातील काळ्या जमिनीत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण स्मेक्टाइट नावाच्या, पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणखनिजामुळे ही माती श्रावणात चिकट होऊन हवा अडवते आणि वैशाखात आकसून भेगाळते. कुजविणाऱ्या सूक्ष्मजीवांना ओलावा व प्राणवायू दोन्ही लागतात, आणि त्यांचा मेळ वर्षातील मोजकेच महिने बसतो.

कागद मुख्यतः सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि बुरश्या व जीवाणू सेल्युलेज नावाची विकरे सोडून या साखळ्या तोडतात. हरभऱ्याच्या मर रोगावर बीजप्रक्रियेसाठी शेतकरी वापरतात ती ट्रायकोडर्मा बुरशी याच कामात तरबेज असून, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजविणारी तिची जी जात हाती लागली, तिच्यावर सेल्युलेजचे पुढचे बरेचसे संशोधन उभे राहिले. वर्तमानपत्राच्या कागदात मात्र लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन उरलेले असते, आणि कुंडी भिजूनही टिकावी म्हणून लगद्यात राळ मिसळली असेल, तर कुजणे आणखी लांबते.

आयएसओ १७५५६ या मानकानुसार प्लास्टिकसारख्या पदार्थांची चाचणी करताना नमुना ओलसर मातीत मिसळून बंद पात्रात ठेवतात आणि सूक्ष्मजीवांनी वापरलेला प्राणवायू किंवा सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. हीच पद्धत कागदालाही लावता येते. एक ग्रॅम सेल्युलोज पूर्ण कुजल्यास सुमारे १.६३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघावा, हा हिशेब ठरलेला असल्याने विघटनाची टक्केवारी नेमकी सांगता येते. अडचण एवढीच की या पात्रातले तापमान २० ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवलेले असते. तिथे वैशाख कधी येतच नाही.

म्हणून शेतातली चाचणी हवी. कुंडीचे तुकडे वाळवून, वजन करून नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत पुरायचे आणि ठरावीक अंतराने एकेक पिशवी काढून, धुऊन, वाळवून पुन्हा तोलायची, ही पद्धत दिसते तितकी सरळ नाही. काळी माती तंतूंना अशी चिकटते की कुजलेला तुकडा मूळ वजनापेक्षा जड भरू शकतो. तेव्हा उरलेला भाग जाळून राखेचे वजन काढायचे आणि कागदाची स्वतःची राख लक्षात घेऊन मातीचा वाटा वजा करायचा. दुसरा घोटाळा वाळवीचा: तिने कागद ओढून नेला तर वजन घटते, पण ते सूक्ष्मजीवांमुळे झालेले कुजणे नव्हे. अशा पिशव्या हिशेबातून वगळणेच प्रामाणिकपणाचे.

रोपाच्या दृष्टीने कुंडी नाहीशी होण्याआधी मुळे तिच्या भिंतीतून पार होणे महत्त्वाचे असते. कुंडीचा काठ मातीबाहेर राहिला तर तो वातीसारखा ओल शोषून हवेत घालवतो आणि भिंत कोरडीच राहते. शिवाय कागदात कार्बन भरपूर व नत्र नगण्य असल्याने सूक्ष्मजीव मातीतले नत्र उचलतात, आणि कोवळे रोप काही काळ पिवळे पडू शकते.

शेतातला निष्कर्ष याच परिसरातील उकणी, निलजईच्या कोळसा खाणींतून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यांना लावू नये, कारण खोलवरून उपसलेल्या त्या थरांत सेंद्रिय द्रव्य आणि सूक्ष्मजीव दोन्ही तुटपुंजे असतात. तुलनेसाठी कुंडीशेजारी शुद्ध सुती कापडाची पट्टी पुरणे हा स्वस्त उपाय आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली मातीची सजीवता तपासण्यासाठी लोकांकडून चक्क सुती चड्ड्या पुरून घेतल्या गेल्या. पट्टी विरली आणि कुंडी जशीच्या तशी राहिली, तर दोष मातीचा नसून कुंडीचा आहे, असे खुशाल समजावे.