गोवारींचा खटला : मोर्चापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

नागपुरात सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला ‘आदिवासी गोवारी शहीद’ असे नाव आहे. गोवारी समाजाला आदिवासी मानायला कायदा मात्र तयार नाही.

23 नोव्हेंबर 1994. हिवाळी अधिवेशन सुरू होते. विदर्भातल्या गावोगावचे गोवारी बायकापोरांसह विधानभवनावर मोर्चा घेऊन आले होते. मागणी एकच : अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. पोलिसांनी मोर्चा अडवला. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जीव गेले. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढे चौकशीसाठी दाणी आयोग बसला, त्याने कोणालाच दोषी धरले नाही. एवढी माणसे गेली आणि जबाबदार कोणी नाही, हे अजून पचत नाही.

गुरे राखणे हा गोवारींचा पिढीजात धंदा. दिवाळीत गायी सजवायच्या, ढालीची पूजा करायची, गायगोधन खेळायचे, घरोघरी नाचत जायचे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर ग्रंथ काढला. त्यात गोवारींची एक पोटशाखा म्हणून ‘गोंड गोवारी’ येते. अनुसूचित जमातींच्या यादीत 1956 साली शिरले ते हेच नाव, नुसते ‘गोवारी’ नव्हे. राज्य सरकारने 1985 साली दोघे वेगळे असल्याचे अधिकाऱ्यांना बजावले. भांडण आहे ते इथे.

मोर्चानंतर, 1995 साली, गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातले. दोन टक्के आरक्षण, तेही इतर समाजांसोबत वाटून. ज्यासाठी माणसे मेली, ते हे नव्हतेच.

14 ऑगस्ट 2018 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने कौल दिला. गोंड गोवारी नावाची वेगळी जमात 1911 पूर्वीच लोपली, म्हणून यादीतले गोंड गोवारी म्हणजे गोवारीच, असा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2020 रोजी तो फिरवला. कारण सोपे होते : राज्यघटनेच्या कलम 342 प्रमाणे यादीत फेरफार करता येतो तो फक्त संसदेला. नागपूरच्या हलबा-कोष्टींचा जमातीचा दावा 2000 साली याच कारणाने फेटाळला होता. माना समाज मात्र 2006 साली जिंकला, कारण ‘माना’ हे नाव यादीत होतेच. 2018 ते 2020 या मधल्या दोन वर्षांत गोवारींना जमातीच्या दाखल्यावर मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या सर्वोच्च न्यायालयाने शाबूत ठेवल्या, पुढचा लाभ मात्र बंद केला.

निकाल कायद्याला धरून आहे, असे माझे मत. यादीत आधीपासून असलेल्या जमातींना आपला वाटा घटेल ही भीती वाटते, तीही खोटी नाही. पण मग राज्याने गप्प बसू नये. रीतसर अभ्यास करून दिल्लीला शिफारस पाठवावी; नसेल पाठवायची, तर कारणे देऊन गोवारींना तोंडावर नाही म्हणावे.