पाठ फसल्यावर

ज्यांच्या घरी कुणी बी.एड. केलं असेल त्यांना पाठ टाचणाची वही आठवत असेल. सराव पाठ संपला की निरीक्षक शेरा लिहीत, 'फलकलेखन सुधारावे', 'वर्गनियंत्रण कमी'. शेरे खरेच असत, पण पुढच्या पाठाला नेमकं काय करायचं ते त्यातून क्वचितच कळे.

इथल्या आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत तर शिकवणारे आम्ही सगळे हौशीच. नव्या बाईंची जोडी आम्ही एखाद्या जुन्या शिक्षिकेशी लावून देतो. तरी सुरुवातीला एखादा वर्ग फसतोच. गेल्या सत्रात 'तो, ती, ते' चालू असताना आठ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "खुर्ची ती आणि टेबल ते, व्हाय?" झालं! सगळी मुलं दिसेल त्या वस्तूचं नाव घेऊन ओरडायला लागली, आणि तास संपला. बाई अगदी रडवेल्या झाल्या.

अशा वेळी "अगं, होतं असं" म्हणणं सोपं, पण त्याने हाती काही लागत नाही. आणि पार्किंग लॉटमध्ये, पालकांदेखत, सात चुका मोजून दाखवल्या तर पुढच्या रविवारी बाई येतच नाहीत. मग बदली माणूस आणायचं कुठून?

जपानी शाळांत यावर एक छान रीत आहे. स्टिग्लर आणि हीबर्ट यांच्या 'द टीचिंग गॅप' (१९९९) या पुस्तकामुळे ती इथे अमेरिकेत बरीच माहीत झाली. शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांवर लक्ष ठेवून टिपणं काढतात. नंतर आधी बोलतो तो शिकवणारा. पाठ सगळ्यांचा, त्यामुळे खापर एकट्याच्या डोक्यावर फुटत नाही. मशीन बंद पडलं की आधी नोंदी बघायच्या, ऑपरेटरला झापायचं नाही, हे आम्हा इंजिनियर मंडळींना पटायला हवं. (झापणारे साहेबही आम्ही पाहिलेत म्हणा!)

आमच्या काकूंनी तेच केलं. वर्ग सुटल्यावर फक्त चहा पाजला. संध्याकाळी फोनवर आधी बाईंचं ऐकून घेतलं, मग कोण काय ओरडलं तेवढं वहीतून वाचून दाखवलं. बाईंच्याच लक्षात आलं, पोरं ओरडत होती ती मराठीत! मग बदल एकच ठरला, वस्तूंच्या नावांच्या चिठ्ठ्या आणि तीन टोपल्या. पुढच्या रविवारी पहिली दहा मिनिटं काकूंनी खेळ घेतला, पुढे बाईंनी.

'पेन'ची चिठ्ठी निघाली तेव्हा मात्र दोघींचीच जुंपली. तो पेन की ते पेन?