खोली बेचाळीसला, प्रोसेसर नव्वदला

मे महिना लागला की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार वारंवार येते: सकाळी मशीन ठीक चालतं, दुपारी रडायला लागतं. जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात हे मशीन बहुधा झेरॉक्सच्या नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरायच्या गाळ्यात असतं. डोक्यावर पत्रे, टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट, आणि समोर सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीवाल्यांची रांग. यावर ठरलेला इलाज म्हणजे फॉरमॅट. विंडोज नव्याने टाकलं की मशीन दोन दिवस बरं वाटतं (बऱ्याचदा तेवढ्यात आभाळही आलेलं असतं), आणि तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

खरा प्रकार वेगळाच असतो. प्रोसेसर तापला की तो लगेच बंद पडत नाही, आधी हळू होतो. इंटेलच्या कोअर आय-५ १२४०० ची वरची हद्द १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ५ ५६००जी ची ९५. हद्द जवळ आली की चिप आपणहून वेग उतरवते. त्यानेही भागलं नाही तर मशीन फटकन बंद होतं. ही सोय पूर्वी सगळ्यांकडे नव्हती. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाच्या मंडळींनी गेम चालू असतानाच प्रोसेसरवरचे हीटसिंक उचलून काढले आणि त्याचं चित्रीकरण केलं. पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. एएमडीचा अ‍ॅथलॉन मात्र काही सेकंदांत धूर सोडून संपला. आजची ‘स्लो’ झालेली मशीनं खरं तर स्वतःला वाचवत असतात.

आता मुद्द्याचं. हीटसिंक आणि त्यावरचा पंखा थंडी तयार करत नाहीत, ते प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत नेऊन टाकतात. त्यामुळे ठरावीक कामाला प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच गरम राहतो. २५ अंशांच्या एसी खोलीत जे मशीन ७० दाखवतं, तेच बेचाळीस अंशांच्या गाळ्यात ८७ च्या आसपास दाखवेल, काहीही बिघडलेलं नसताना. परदेशी व्हिडिओत ‘ऐंशीच्या पुढे धोका’ ऐकून घाबरणाऱ्यांनी तो बोलणारा किती अंशांच्या खोलीत बसलाय हे आधी विचारावं. महागडा वॉटर कूलरसुद्धा खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. म्हणून मराठवाड्यात नुसता आकडा पाहून उपयोग नाही. त्यातून खोलीचं तापमान वजा करून उरतं ते पाहायचं.

मोजणं सोपं आहे. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम चालतात. थर्मामीटर भिंतीवर न टांगता कॅबिनेट जिथून हवा ओढतं तिथे ठेवावा, कारण टेबलाच्या बंद कप्प्यातली हवा खोलीपेक्षाही गरम असते. कंपनीचाच पंखा असलेल्या साध्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला मोकळं बसल्यावर दहा-वीस आणि पूर्ण ताणाखाली चाळीस-पन्नास अंशांचा फरक चालतो. साठ ओलांडले तर कुठेतरी अडलंय. हा ठोकताळाच आहे, पण कामाचा.

कुठे अडलंय हे तापमान चढण्याच्या चालीवरून कळतं, आणि दुकानदार नेमकं हेच पाहत नाहीत. ताण देताच दोन-चार सेकंदांत आकडा नव्वदीला भिडला आणि ताण काढताच तसाच कोसळला, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांचा नीट स्पर्श नाही: दोघांमधली थर्मल पेस्ट वाळली, नाहीतर हीटसिंक एका कोपऱ्यातून सुटलं. आकडा दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे. खात्रीसाठी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढावा. तेवढ्यानेच आठ-दहा अंश उतरले तर पेस्टवर पैसे घालवू नयेत; कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढावं आणि मागचा पंखा हवा बाहेर फेकतोय ना, ते पाहावं.

कोंडण्याचं कारण बहुतेकदा धूळ. या भागात तिला साथ कापसाच्या तंतूंची, उसाच्या हंगामात कारखान्याच्या काजळीची. हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्यांचा नमदा बसतो आणि पंखा फिरत असूनही हवा आरपार जात नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं.

पेस्ट बदलताना जुनी पूर्ण पुसावी आणि नवी तुरीच्या दाण्याएवढीच मधोमध ठेवावी. जास्त लावून जास्त थंड होत नाही. इंटेलच्या पंख्याच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एकाआड एक दाबायच्या; चौथी नीट बसली नाही की सगळं मुसळ केरात. एएमडीच्या एएम४ बोर्डवर हीटसिंक सरळ उपटलं तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उखडतो, पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करावं, मग बंद करून हीटसिंक हळूच फिरवत सोडवावं.

खोली थंड करायला पाण्याचा कूलर लावला तर त्याचा झोत कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार वाळले की बोर्डावर क्षार राहतात, आणि दमट हवेत ते धातू खातात.

हे सगळं करूनही मे महिन्यात फरक साठच्या वर राहिला, तर कंपनीच्या पंख्याच्या जागी मोठा टॉवर कूलर घ्यावा लागतो. तोवर फुकटची एक सोय आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केलं की टर्बो वेग बंद होतो. फॉर्म भरण्याच्या आणि प्रिंट काढण्याच्या कामात त्याची उणीव फारशी जाणवतही नाही, तापमान मात्र लगेच खाली येतं. मृगाचा पाऊस पडला की आकडा पुन्हा १०० करावा.