पोटखराब्यातील पाखरे

माघ सरत आला की पुण्याभोवतालच्या टेकड्या अगदी उदासवाण्या दिसू लागतात. श्रावण-भाद्रपदात हिरवेगार डोलणारे गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढे आटलेले असतात आणि वणव्याने होरपळलेले काळे पट्टे मधूनमधून डोळ्यांना खुपत असतात. नेमक्या याच दिवसांत रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण व खिशात वही घेतलेली काही मंडळी सिंहगडाच्या पायथ्याशी अतकरवाडीला उतरतात किंवा वेताळ टेकडी चढू लागतात. त्यांत कचेरीतले कारकून असतात, माध्यमिक शाळांतले शिक्षक असतात, महाविद्यालयांतील विद्यार्थी असतात. गडावरचे पिठले-भाकरी हे त्यांचे मुख्य प्रयोजन नसते, निदान सकाळी नऊपर्यंत तरी नसते.

हा हंगाम त्यांनी निवडावा यात नवल नाही. पानगळीने झाडे विरळ झालेली असतात, त्यामुळे पावसाळ्यात केवळ आवाजावरून ओळखावा लागणारा पक्षी आता फांदीवर स्पष्ट दिसतो. पांगारा, काटेसावर आणि पळस फुललेले असतात, आणि एकेका काटेसावरीवर भोरड्या, साळुंक्या, बुलबुल व शिंजीर यांची झुंबड उडालेली असते. हिमालयातून आलेला निलांग सिंहगडाच्या दरीत अजून रेंगाळत असतो. दगडावर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा अद्याप उत्तरेकडे परतलेला नसतो. दुसरीकडे येथलेच रहिवासी पक्षी विणीच्या तयारीला लागलेले असतात. तांबटाची ठोकाठोक सुरू होते आणि डोंबारी चंडोल हवेत उंच चढून कोलांट्या मारीत खाली येऊ लागतो. पाहुणे व यजमान एकाच वेळी घरात असावेत, असा हा अल्प काळ आहे.

पक्ष्यांच्या मराठी नावांकडेही जाता जाता लक्ष द्यावयास हवे. डोंबारी, गप्पीदास, डोक्यावर तुरा मिरवणारा युवराज ही नावे, दीर्घकाळ बारकाईने पाहिल्यावाचून सुचणारी नव्हेत. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’साठी जे परिश्रम घेतले, त्यांचे मोल भाषेच्या अभ्यासकांनीही ओळखावयास हवे.

परंतु याच टेकडीकडे सरकारी दप्तर कोणत्या नावाने पाहते? महसुली भाषेत शेतीस निरुपयोगी अशा जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. ज्या जमिनीवर शेतसारा बसत नाही, ती खराब, असा हा सरळ हिशेब आहे. वसाहतकाळातील महसूल खात्याची ही दृष्टी समजण्यासारखी होती. त्याला उत्पन्नाशी कर्तव्य होते. पण ती दृष्टी स्वातंत्र्यानंतरही टिकली. देशातील पडीक जमिनींचे जे अधिकृत नकाशासंग्रह प्रसिद्ध झाले, त्यांत झुडपी माळ आणि गवताळ कुरणे यांचे मोठे क्षेत्र ‘पडीक’ या सदरातच धरलेले आहे. अर्थशास्त्रात ज्या वस्तूला बाजारभाव नाही तिचे मूल्य शून्य ठरत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. दप्तराला मात्र ते अद्याप शिकावयाचे आहे.

आणि जे पडीक ठरते ते ‘सुधारण्या’चा मोह आवरत नाही. कोणी त्यावरून रस्ता नेऊ पाहतो, कोणी इमारती. या संकटांची निदान चर्चा तरी होते. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण २०१५ साली मंजूर झाले, ते नागरिकांच्या दीर्घ खटपटीनंतरच. परंतु वृक्षारोपणाविरुद्ध बोलावयास कोणाची जीभ रेटत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेली उंदीरमारी, म्हणजेच गिरिपुष्प, हजारोंनी लावली गेली. ती लवकर वाढते आणि गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. लागवड यशस्वी झाल्याचा अहवाल लिहिण्यास याहून सोयीचे झाड कोणते? फेब्रुवारीत तिला फिकट गुलाबी बहर येतो, लोक कौतुकाने छायाचित्रे काढतात. तिच्या दाट सावलीत गवत मात्र नीट वाढत नाही, आणि गवत गेले की चंडोल, तित्तर व युवराज यांचे घर जाते. झाडांमुळे सावलीप्रिय पक्ष्यांची सोय झाली, हे खरे आहे व ते नाकारण्याचे कारण नाही. पण वीतभर मातीखाली कातळ असलेल्या या उतारांवर दाट अरण्यच असावयास हवे होते, ही समजूत तपासून घ्यावयास हवी. जुने मराठी संतवाङ्मय, लोकगीते व कथा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्रातील माळराने निदान साडेसातशे वर्षांपासून माळरानेच आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. जंगल तोडून उरलेले हे ओसाड अवशेष नव्हेत.

या वादात रविवारच्या त्या खिशातल्या वहीला महत्त्व येते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, तो ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घकालीन कल ठरविण्याइतकी माहिती ज्या ३३८ जातींविषयी मिळाली, त्यांपैकी ६० टक्के जातींत घट आढळली. गवताळ व उघड्या प्रदेशांतील पक्ष्यांची अवस्था विशेष चिंताजनक आहे. खात्याच्या पगारी नोकराने हे काम केले नाही. कारकुनाने, शिक्षकाने, विद्यार्थ्याने पदरचे बसभाडे खर्चून ते केले. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्ष्यांची गणना होते, तीत आपल्याकडील शाळा-महाविद्यालयेही भाग घेतात. निदान पंधरा मिनिटे पक्षी पाहून दिसेल ते प्रामाणिकपणे लिहिणे एवढीच तिची अट. नावाजलेला दुर्मिळ पक्षी दिसला नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, या हिशेबात सात साळुंक्यांची नोंदही तितकीच कामाची असते.

लागवडीचे खड्डे उन्हाळ्यात खणले जातात, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर रोपे लावता येतात. वेळापत्रक सोयीचे आहे, पण त्याच दिवसांत डोंबारी चंडोलाची मादी गवताच्या बुंध्याशी उघड्या जमिनीवर अंडी उबवीत असते. फाल्गुनात कोणत्या उतारावर किती चंडोल गाताना दिसले, हे त्या वह्यांत तारीखवार लिहिलेले आहे. खड्ड्यांची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्याने कुदळ मारण्यापूर्वी त्या वह्या मागवून घेण्यास कोणताही नियम आड येत नाही, आणि त्यासाठी खर्चही पडत नाही.